चष्मेवाली अंघोळीला गेली आहे

"ती अंघोळीला गेली आहे," मी फोनवर म्हणालो, आणि साखरेच्या डब्यात चमचा तसाच धरून उभा राहिलो. विचारणारा माणूस भला होता. त्याने एवढंच विचारलं होतं, की ताई आहेत का, जरा फोन देता का. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे चौदा महिन्यांपासून तयार होतं. ते मी बँकेत दिलं होतं, गॅसच्या ऑफिसात दिलं होतं, दुकानात जुन्या गिऱ्हाइकांना तर इतक्या वेळा दिलं होतं की शेवटी शेवटी सांगताना माझे हात काच पुसतच असायचे. त्या सकाळी मात्र तोंडातून अंघोळ निघाली. बरं, निघाली ती निघाली, वर न्हाणीघरातला नळ नेमका त्याच वेळी गळत होता, आणि मी, चोपन्न वर्षांच्या घोड्याने, त्या बंद दाराकडे वळून पाहिलं. पलीकडचा म्हणाला, होऊ दे सावकाश, मग तुम्हालाच सांगतो, तुम्ही भावोजी ना? मी हो म्हणालो. तेवढं एक तरी खरं होतं.

हा माणूस म्हणजे ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या मंडळाचं सगळं बघणारा. त्याला तिथे पोस्टमास्तर म्हणतात, कारण कुणी कुठे काय लिहिलं ते तो रोज रात्री सगळ्यांना मेल करून कळवतो. पगार नाही, मानधन नाही, स्वतःचा ब्लॉगही धड नाही, पण तीनशे लोकांचं लिखाण डोळ्यांत तेल घालून वाचतो. बायको असताना हे नाव मी रोज ऐकायचो. आज पोस्टमास्तरांनी अमुक पाठवलंय, आज पोस्टमास्तर लवकर झोपले वाटतं. मला तेव्हा वाटायचं, काय ही रिकामटेकडी माणसं. तर आता हेच पोस्टमास्तर मला सांगत होते, की मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात यंदा पहिल्यांदाच वाचकाला पुरस्कार द्यायचं ठरलंय. लिहिणाऱ्यांना दरवर्षी देतोच, पण जी व्यक्ती स्वतः एक ओळ लिहीत नाही आणि सगळ्यांचं वाचते, तिचं काय? आणि मतं मागवली तर दुसरं नावच आलं नाही. एकच. चष्मेवाली. "सहा वर्षांत त्या एकदाही आल्या नाहीत, आम्ही कुणी त्यांचा चेहरासुद्धा पाहिलेला नाही," ते म्हणाले, "रविवारी पाच वाजता, वाचनालयाचा वरचा हॉल. कसंही करून घेऊन या. आणि गेल्या वर्षभरात तर काय, रोज कुणा ना कुणाच्या पोस्टखाली हजर!" रोज? मी मनात हिशेब केला. माझा वेग आठवड्याला दोन, फार तर तीन. पण कार्यक्रम करणाऱ्यांचं तोंड मोठंच असतं, म्हणून मी तो शब्द तिथेच सोडून दिला.

माझा वेग, असं मी म्हणालो. आता सांगून टाकतो, कारण हे पोटात ठेवून पुढचं काही सांगता यायचं नाही. ती गेल्यावर आठव्या दिवशी मी तिच्या उशालगतच्या टेबलावरचा लॅपटॉप बंद करायला गेलो. तो तसाच होता, ती हॉस्पिटलात गेली तेव्हा जसा होता तसा, झाकण अर्धवट लावलेला. उघडला तर पान चालूच. रोपवाटिका चालवणारी एक बाई आहे, ती आपल्या कुंड्या, कलमं, किडी यांवर लिहिते. तिच्या पोस्टखाली त्या बाईनेच लिहिलं होतं, चष्मेवाली, आठ दिवस झाले, कुठे आहात, तुम्ही वाचल्याशिवाय पोस्ट पुरी झाल्यासारखी वाटत नाही. मी खुर्ची ओढली. तिला सांगणं माझं कामच होतं. मी टाइप केलं, ती गेली. वाचलं. खोडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. मग मी त्या बाईची पोस्टच वाचायला घेतली, वेळ काढायला म्हणून, आणि तिच्यात एक फुटकी झारी होती, पाणी घालायची, सासूच्या वेळची. माझ्या डोक्यात आलं, हिने काय विचारलं असतं? आणि बोटं चालली. "जरा बरं नव्हतं. आता वाचलं. त्या फुटक्या झारीचं पुढे काय झालं?" पाठवलं. दहा मिनिटांत खाली सात जणांची रांग. आलात का, काळजी वाटत होती, जपा हो, औषधं घेता ना वेळेवर. झारीचं उत्तर मात्र त्या बाईने कधी दिलंच नाही, आनंदाच्या भरात विसरली असणार. मी ते सात निरोप पुन्हा पुन्हा वाचले. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण नंतर. आधी मला आनंद झाला. जगात सात माणसं अशी होती ज्यांच्या लेखी तिला फक्त जरा बरं नव्हतं, आणि त्या दहा मिनिटांत मीही त्या सातांतला एक झालो होतो.

मग ते सुटेना. तिच्या मेलचा पासवर्ड मला ठाऊक नव्हता, ब्लॉगच्या पानावर तेवढं तिचं नाव चालू राहिलं होतं, म्हणून मी लॅपटॉप कधी बंदच केला नाही. फक्त पाच-सहा ब्लॉगांवर जायचो, ज्यांची नावं मला तिच्या तोंडून माहीत होती. तिची रीतही मला माहीत होती. छान, सुंदर, अप्रतिम हे शब्द ती कधी लिहीत नसे. ती म्हणायची, छान म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. ती पोस्टमधली एक वस्तू उचलायची, बादली, खिळा, तिकिटाचा तुकडा, आणि तिच्याबद्दल एक प्रश्न विचारायची. बस. माणूस मग आठवडाभर त्या प्रश्नाच्या मागे. मी दुकानाच्या मागच्या खोलीत तीस वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवतो आहे. माझी नजर वस्तूवर बसलेली, पण माणसांना प्रश्न विचारायची सवय नाही. सुरुवातीला एकेका प्रश्नाला मला तास लागायचा. ती दोन मिनिटांत विचारायची, वर पाठीला उशी नीट लावून दे म्हणून मला ओरडायची. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणातच होती, आणि सगळं जग तिच्या मांडीवर त्या पडद्यात. मी एकदा चिडून म्हणालो होतो, मी इथे समोर बसलोय, माझ्याशी बोल की. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, आज दुकानात काय झालं. मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, बघ. ते "बघ" मी आजही ऐकतो.

तर तो फोन मंगळवारी आला, आणि रविवारपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. पुरस्कार कसा देणार ते पोस्टमास्तरांनी सांगितलं होतं. त्यांच्या मेळाव्यात कुणी स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचत नाही, तो नियमच आहे. एकाचं दुसऱ्याने वाचायचं. तसंच यंदा चष्मेवालीने ज्यांच्या पोस्टखाली लिहिलं त्यांच्यातले तीन जण उभे राहून तिची एकेक कमेंट वाचणार, आपापल्या आवडीची. मी फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो हा, की तीन कोणत्या? तिच्या की माझ्या? तिघांनीही तिच्याच निवडल्या तर मी एक भुरटा चोर, चौदा महिने दुसऱ्याचा कोट घालून फिरलेला, पण कोट तिचा, मान तिचा, ठीक आहे. आणि माझी निघाली तर? तर या लोकांना ती गेलेली कळलीच नाही, ती असण्यात आणि मी असण्यात यांना फरकच पडला नाही, आणि मग ती नेमकी गेली कुठून, माझ्याच घरातून फक्त? बुधवारी मी एका शिक्षिकेच्या चष्म्याची उजवी काच डाव्या बाजूला बसवली. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती बाई चष्मा घालून दुकानाच्या पायरीवर धडपडली. मालकांनी मला आत बोलावून विचारलं, झोप होत नाही का. मी म्हणालो, होते. गुरुवारी मी पोस्टमास्तरांना फोन लावून खरं सांगायचं ठरवलं आणि दोनदा आकडे दाबून ठेवून दिला. शुक्रवारी ठरवलं, आजारी आहे म्हणून कळवू. पण मग ते घरी येतील भेटायला, फळं घेऊन, तीनशेतले निदान तीस तरी.

आणि या सगळ्याच्या वर मुलगी. तिला कळता कामा नये. आमची मुलगी सव्वीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. रोज दोनशे नळ्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या, चुकीला जागाच नाही. आई गेल्यावर ती माझ्यासमोर रडली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आईचे कपडे घड्या घालून बांधले, औषधांच्या बाटल्या परत केल्या, सगळं हातासरशी. मी नुसता बघत होतो. तिला जर कळलं, की बाप आईच्या नावाने लोकांशी गप्पा मारतो, आईला बरं नाही म्हणतो, आईच्या वतीने काळजी घ्या हं म्हणून लिहितो, तर ती काय म्हणेल? ती काहीच म्हणणार नाही. तेच तर. ती माझ्याकडे तशी बघेल जशी एखाद्या बिघडलेल्या नळीकडे बघत असेल, आणि जेवायला वाढेल. या घरात आता आम्ही दोघंच. तिच्या नजरेतून उतरलो तर मग राहिलं काय? चार महिन्यांपूर्वी तिने विचारलं होतं, बाबा, आईचा लॅपटॉप मी घेऊ का. माझं धाबं दणाणलं. मी खेकसलो, तिथेच राहू दे तो. त्याआधी एकदा मीही तिला असंच विचारलं होतं, चष्म्याबद्दल. बायकोसाठी मी एकूण सहा चष्मे केले, नंबर वाढत गेला तसे. ती गेल्यावर खणात पाचच. सहावा, शेवटचा, तारेच्या फ्रेमचा, ज्याची डावी काडी मोडली होती आणि मी घरीच कथलाचा डाग देऊन जोडली होती, तो नव्हता. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, हॉस्पिटलात राहिला असेल. मी हॉस्पिटलात जाऊन दोन मजले पालथे घातले. एका नर्सने तर मला चार बेवारशी चष्मे आणून दाखवले, त्यातला एकही तिचा नव्हता. शनिवारी रात्री जेवताना मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, उद्या संध्याकाळी मला लॅबमध्ये जावं लागणार आहे, उशीर होईल. मला हायसं वाटलं. मी म्हणालो, मलाही दुकानात जायचंय, स्टॉक मोजायचा आहे. दोघंही पाणी प्यायलो.

वाचनालयाच्या जिन्यावर पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. मी ठरवून आलो होतो, पोस्टमास्तरांना बाजूला घ्यायचं, कानात सांगायचं, आणि निघून यायचं. पण वर गेलो तर दारातच गर्दी, हसणं, मिठ्या. दारात एक बाई प्रत्येकाच्या छातीला ब्लॉगच्या नावाची चिठ्ठी लावत होती, कारण खरी नावं तिथे कुणालाच ठाऊक नसतात. माणसं एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचून ओरडत होती, अरे, तुम्ही का ते, मला वाटलं तुम्ही बाई असाल, मला वाटलं तुम्ही उंच असाल. एक म्हातारे गृहस्थ एका पोरसवद्या इंजिनिअरला सांगत होते, तुझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं ना नीट, मी रोज बघत होतो तू लिहिलंस का. सख्खा भाऊ असं विचारत नाही. मला ते सगळं आवडलं, हे इथे कबूल करतो. मी घाबरलो होतो, आणि तरीही मला वाटलं, ही तिची माणसं, ही तिने कधीच पाहिली नाहीत, आणि मी बघतोय. माझी चिठ्ठी विचारली तेव्हा मी म्हणालो, पाहुणा. तिने पाहुणा असं लिहून लावलं. पोस्टमास्तर स्टेजवर माइकची वायर सोडवत होते. मी त्यांच्याकडे निघालो, आणि तिसऱ्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीवर, छातीला पाहुणी अशी चिठ्ठी लावून माझी मुलगी बसलेली होती.

तिनेही मला त्याच क्षणी पाहिलं. "तुम्ही इथे कसे?" ती म्हणाली, आणि मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं?" दोन्ही प्रश्न एकमेकांवर आपटून खाली पडले, कारण तेवढ्यात दिवे कमी झाले आणि पोस्टमास्तरांनी नमस्कार मंडळी म्हणून सुरुवातच केली. मी तिच्या शेजारी बसलो नाही, एक खुर्ची सोडून बसलो. आमच्यामध्ये ती रिकामी खुर्ची. मला सगळं कळल्यासारखं वाटलं. पोस्टमास्तरांनी घरचा फोन दुसऱ्यांदा लावला असणार, तो हिने उचलला असणार, आणि आता ही बघायला आली होती, की बाप किती खाली जातो. मी तिच्याकडे बघायची हिंमत केली नाही. मी समोरच्या रांगेतल्या माणसांच्या चष्म्यांच्या काड्या बघत राहिलो. एकाची डावीकडे झुकलेली, एकीची कानामागे रुतलेली, रोज दुखत असणार. स्टेजवर पुरस्कार चालले होते. प्रवासाचा ब्लॉग, स्वयंपाकाचा ब्लॉग, सगळ्यात जास्त दिवस न लिहिल्याबद्दलचा एक चेष्टेचा पुरस्कार, तो घ्यायला एक बाई तोंड लपवत वर गेली आणि हॉल हसून हसून लोळला. मीही हसल्यासारखं केलं. मुलगी आपल्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, गुंडाळत होती आणि सोडत होती.

"आता चष्मेवाली," पोस्टमास्तर म्हणाले, आणि टाळ्या थांबेचनात. लोक माना वळवून दाराकडे बघायला लागले, आली का, कुठे बसली आहे. पोस्टमास्तर म्हणाले, थांबा, आधी वाचू, मग बोलावू. पहिला उठला तो एक निवृत्त बस ड्रायव्हर. जाडजूड माणूस, हातातला कागद त्याने चष्मा न लावताच लांब धरला. त्याने वाचलं, "शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी होते असं तुम्ही लिहिलंय. मग तुम्ही काय करता? लगेच वळता, की जरा वेळ तसेच बसता?" ती तिची होती. मला तो दिवसही आठवला, तिने मला विचारलं होतं, ड्रायव्हर बसत असेल का रे तसाच? आणि मी म्हणालो होतो, मला काय माहीत. ड्रायव्हर म्हणाला, एकतीस वर्षं गाडी चालवली, हा प्रश्न मला बायकोनेही विचारला नाही, आणि याचं उत्तर लिहिता लिहिता माझ्या चाळीस पोस्टी झाल्या. मग रोपवाटिकावाली उठली. बारीक चणीची, उन्हाने रापलेली, जाड काचांमागे डोळे लहान झालेले. मला कळलं की ती काय वाचणार. माझ्या कानात काच घासायचं चाक फिरायला लागलं. "जरा बरं नव्हतं. आता वाचलं. त्या फुटक्या झारीचं पुढे काय झालं?" वाचून झाल्यावर तिने कागद खाली घेतला. मग म्हणाली, हे फार मोठं काही नाही, मला ठाऊक आहे. पण त्या आठ दिवसांत माझ्या मनात नाही नाही ते आलं होतं, आणि हे आलं तेव्हा मी ओल्या मातीच्या हातांनी घरभर सांगत सुटले, की माझी बाई सुखरूप आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या अंगावर पडत होत्या आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तिसरी एक तरुण मुलगी होती. यंत्रांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करते, असं पोस्टमास्तरांनी सांगितलं. मला तिचं तोंड, तिचं नाव, तिचा ब्लॉग, काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी थोडा सैल झालो. ही जुनी असणार, म्हणजे हिच्याकडची कमेंट बायकोची असणार. ती तरुणी म्हणाली, मी आईचं कपाट आवरण्यावर लिहिलं होतं, तीन महिन्यांपूर्वी. तीन महिन्यांपूर्वी? मी ताठ बसलो. तिने वाचलं, "आईची एखादी वस्तू लपवून ठेवली तर चालते का, असं तुम्ही विचारलंय. चालते. माझ्या आईचा चष्मा माझ्याकडे आहे. घरात कुणाला माहीत नाही. शोधाशोध झाली तेव्हाही मी सांगितलं नाही. तो घातला की सगळं धूसर दिसतं, उपयोग काहीच नाही. पण डोळे मिटून नाकावर नुसता ठेवला, की तिला किती जड वाटत असेल ते कळतं. तुम्ही कोणती वस्तू ठेवलीत?" मी ही ओळ लिहिलेली नव्हती. आणि तीन महिन्यांपूर्वी लिहायला ती नव्हती. आणि असती तरी तिने हे लिहिलं नसतं, कारण माझी सासू ऐंशीव्या वर्षीही दिव्याशिवाय सुईत दोरा ओवायची, मी तिला नंबर काढून घ्या म्हणून इतकं विनवलं, पण तिने आयुष्यात चष्मा लावला नाही. कुणाच्या आईचा चष्मा? कुणी शोधला होता? मी डावीकडे वळलो. माझ्या मुलीच्या बोटाला पर्सचा बंद इतका घट्ट बसला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, आणि ती समोर बघत होती, तोंड मिटून, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी टपटपत होतं. रोज कुणा ना कुणाच्या पोस्टखाली हजर, असं पोस्टमास्तर म्हणाले होते. तोंड मोठं नव्हतं त्यांचं. आम्ही दोघं होतो. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, मी लॅपटॉपवर, ती फोनवर. आईच्या मेलचा पासवर्ड तिला ठाऊक असणार, आणि मेळाव्याची बातमीही तिला तिथेच कळली असणार.

"ताई, या," पोस्टमास्तर माइकवर म्हणाले. "आता लपू नका." आणि मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते मला अजून नीट सांगता येत नाही, मी काही ठरवलं नव्हतं, गुडघे आपोआप सरळ झाले. शेजारी खुर्ची सरकली. ती पण उभी होती. सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला, हा बाप्या कोण, ही पोरगी कोण, आणि ही का चष्मेवाली, इतकी लहान? कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, दोन-चार जणांनी साथ दिली, आणि मग त्या विरल्या, कारण आम्ही दोघंही हलत नव्हतो. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो त्या नजरेची, बिघडलेल्या नळीकडे बघायच्या, आणि ती आली नाही. तिच्या डोळ्यांत तीच भीती होती जी पाच दिवस माझ्या पोटात होती. मी म्हणालो, "ती चौदा महिन्यांपूर्वी गेली. त्यानंतरचं जे काही आहे, ते आम्ही दोघांनी लिहिलंय. एकमेकांना न सांगता." एवढंच. जे वाक्य त्या आठव्या दिवशी खोडलं होतं ते हेच, थोडं लांब झालेलं.

माइक कुठेतरी बारीक गुणगुणत होता. पोस्टमास्तर हातातलं मानचिन्ह छातीशी धरून उभे, तोंड उघडं. मग बस ड्रायव्हर उठला आणि त्याचा चेहरा लाल होता. म्हणाला, "म्हणजे आम्ही मूर्ख बनलो. मी वर्षभर त्यांना तब्येत विचारत होतो." मी म्हणालो, हो. दुसरं काय म्हणणार? तो खुर्च्यांमधून वाट काढत सरळ आमच्यापर्यंत आला, आणि मला वाटलं हा आता हात उगारणार. त्याने कागद माझ्या नाकासमोर धरला. "हे कुणाचं?" मी म्हणालो, तिचं. तिने मला तेव्हा विचारलं होतं, की ड्रायव्हर बसत असेल का तसाच. तो कागदाकडे बघत राहिला. मग त्याने त्याची चार पदरी घडी केली, शर्टाच्या खिशात घातली, खिशावरून हात फिरवला, आणि मागे न जाता आमच्या रांगेतच टोकाला जाऊन बसला. आणि भाषांतर करणारी मुलगी तिथूनच माझ्या मुलीला विचारत होती, अगदी हळू, पण हॉल इतका गप्प होता की शब्दन्शब्द ऐकू आला. "मग चष्मा?" माझ्या मुलीने बोटावरचा बंद सोडवला, पर्स उघडली, आणि एक रुमाल काढला. रुमालात तारेचा चष्मा. डाव्या काडीवर माझा डाग, मी घाईत दिलेला, थोडा फुगीर. "तो खरा आहे," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही हॉस्पिटलात शोधायला गेलात ना, तेव्हा सांगणार होते बाबा. मग तुम्ही चार बेवारशी चष्मे बघून आलात म्हणालात, आणि मला सांगायची लाज वाटायला लागली." मी तो हातात घेतला. काचांवर बोटांचे ठसे होते, कुणाचे ते काय कळणार. मी सदऱ्याच्या टोकाने पुसायला गेलो आणि तिने माझा हात धरला. मी पुसला नाही.

तेवढ्यात कुणीतरी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. रोपवाटिकावाली. हातात तिचा कागद, घामाने मऊ झालेला. तिने बराच वेळ तो पाहिला, मग मला पाहिलं. मी तिला काही विचारू दिलं नाही, स्वतःच सांगितलं, की तुम्ही वाचलंत ते माझं आहे. ते पहिलंच होतं. तुम्हाला कळवायलाच बसलो होतो, आणि जमलं नाही. ती मान हलवत राहिली, माझ्या बोलण्यावर नाही, कुठल्यातरी आतल्या गोष्टीवर. मला वाटलं, आता ही म्हणेल, की मी घरभर सांगत सुटले होते हो. ते ती म्हणाली असती तर मी तिथेच खाली बसलो असतो. तिने चष्मा काढला, डोळे पालथ्या हाताने पुसले, पुन्हा लावला, आणि म्हणाली, "म्हणजे झारीचं तुम्ही विचारलं होतं." मी म्हणालो, हो. "आणि मी उत्तरच दिलं नाही तुम्हाला." नाही, मी म्हणालो. तिने कागद माझ्या हातात दिला, त्या चष्म्याबरोबर, आणि माझी मूठ आपल्या खरखरीत हातांनी मिटली.

"आहे अजून," ती म्हणाली. "गळते. पण टाकवत नाही."